चाळीस किलोचा आरसा, चार धागे आणि एक ज्वारीचा दाणा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ काळ्या दगडाचे, यादवकाळातले. नामदेव देवळाच्या पाठीमागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा औंढ्यात लहान पोरही सांगते. त्या देवळाच्या दगडाचा कपचा प्रयोगशाळेत दिला तर अहवाल असा येईल: वजनाने जवळपास निम्मी सिलिका. सिलिका म्हणजे सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन. गारगोटीही एवढ्यानेच बनते, दुसरे काही लागत नाही. म्हणजे अख्ख्या देवळाच्या वजनातले निम्मे वजन गारगोटीच्या द्रव्याचे आहे. आणि तरी भिंग घेऊन बसलात तरी त्या दगडात गारगोटीचा कण सहसा सापडणार नाही.

कारण लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो लाव्हारस थरांवर थर पसरत गेला, त्याने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग झाकलेला आहे. हिंगोली, परभणी, जालना सगळे त्याच चादरीवर. या काळ्या दगडातली सिलिका मोकळी राहिलीच नाही. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम यांनी तिला आधीच धरून ठेवले आणि फेल्डस्पार, पायरॉक्सिन ही खनिजे तयार झाली. मग बांधावर, नांगराच्या तासात, ओढ्याच्या पात्रात पांढऱ्या गारगोट्या येतात कुठून? लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे त्यांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहिले. पाण्याने दगडातून सिलिका विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतीवर थर दिला, मग आणखी एक थर. कुठे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक झाला, कुठे पारदर्शक स्फटिक, कुठे जांभळा अ‍ॅमेथिस्ट. नंतर ऊन-पावसाने काळा दगड झिजून माती झाला, गारगोटी मात्र झिजली नाही, उरली. मोह्सच्या मापावर तिचा कठीणपणा ७. चाकूचे पाते साडेपाच-सहाच्या आसपास. चाकू तिला ओरखडू शकत नाही.

जरा पूर्वेला, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीकडे गेलात की लाव्ह्याची चादर संपते आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. तो अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. त्यातले गारगोटीचे धुरकट कण नुसत्या डोळ्यांना दिसतात.

पृथ्वीच्या कवचाचे वजन केले तर ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन भरतो. दोघांचे मिळून ७४. बाकी नव्वद मूलद्रव्यांना उरलेल्या २६ टक्क्यांत भागवावे लागते. कवचात शुद्ध गारगोटीचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास आहे. इतकी मुबलक वस्तू फुकटच असायला हवी, पण मराठवाड्याने ती दोन हजार वर्षांपूर्वी परदेशात विकली आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांमध्ये भरून भडोच बंदराला जात, अशी नोंद आहे. पैठण, तेर, भोकरदन इथल्या उत्खननांत अकीकाचे मणी, अर्धवट घडवलेले तुकडे सापडले. कठीणपणा ७ असलेल्या दगडाला सुताएवढे आरपार भोक पाडायचे, तेही त्या काळात. त्या कारागिरांबद्दल आपण फारच कमी बोलतो.

आता घरातली गारगोटी. जुने बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ उघडा. सर्किटच्या छोट्या पट्टीवर दोन तारांचे पाय असलेली एक चंदेरी नळी दिसेल, लांबीला सात-आठ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी जाड. तिच्या आत गारगोटीच्या स्फटिकातून कातलेला, दोन बोटांचा इवलासा चिमटा असतो. जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले, की असे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो. उलट वीज दिली की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. घड्याळातला चिमटा विजेने थरथरतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. हा आकडा असा विचित्र का? तो दोनचा पंधरावा घात आहे. सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मे करते, की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. दिवसाला होतात २८३ कोटी ११ लाख ५५ हजार २०० थरथरी. साधे घड्याळ महिन्याला पंधरा सेकंद चुकते, म्हणजे दहा लाखांत सहाची चूक.

पहिले क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे, घड्याळ वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९२७ मध्ये केले. ते मनगटावर यायला ४२ वर्षे लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेकोचे अ‍ॅस्ट्रॉन बाजारात आले, किंमत साडेचार लाख येन. त्यातला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळाच थरथरत होता. आपल्याकडे टायटनने १९८७ मध्ये क्वार्ट्झवर पैज लावली आणि काही वर्षांत किल्ली द्यायची सवयच मोडली. आज हे स्फटिक खाणीतून येत नाहीत. जाड पोलादी भांड्यात ३५० अंशांच्या आसपास तापलेल्या, प्रचंड दाबाखालच्या क्षारयुक्त पाण्यात ते वाढवतात. वेग दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. बुडबुड्याच्या पोकळीत निसर्गाने जे केले तेच, फक्त घाईने.

घड्याळात गारगोटी चालते ती एका गुणावर. तिच्या अंगात घर्षण जवळजवळ नाही. थरथरायला लागली की एकाच सुरात थरथरते आणि मिळालेली ऊर्जा आतल्या आत उष्णतेत वाया घालवत नाही. हा गुण लक्षात ठेवायचा, कारण औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा गावच्या शिवारात जे उभे राहायचे आहे त्याचा सगळा डोलारा याच एका गुणावर आहे.

तिथे होणार आहे लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन नळ्या, आणि त्यांच्या टोकांना आरसे. गुरुत्वीय लहर आली की अवकाश एका दिशेने ताणले जाते, दुसऱ्या दिशेने आक्रसते; दोन भुजांच्या लांबीत फरक पडतो आणि लेसरच्या प्रकाशातून तो पकडायचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी, २,६०० कोटी रुपयांची, एप्रिल २०२३ मध्ये आली. पायाभरणी ११ मे २०२३ ची. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय मिळून हे काम करतात. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशी दोन यंत्रे चालू आहेत. पुढचे आकडे त्यांच्या रचनेचे आहेत आणि औंढ्याचे यंत्र त्याच साच्याचे. २,६०० कोटी हा आकडा मोठा वाटत असेल तर समृद्धी महामार्गाच्या खर्चाला ७०१ किलोमीटरने भागून पाहा. तेवढ्यात त्याचे तीस-पस्तीस किलोमीटर होतात.

आरसा म्हणजे ३४ सेंटिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर जाडीची, ४० किलो वजनाची काचेची वडी. ही खिडकीची काच नव्हे. निव्वळ सिलिका वितळवून, अणूंची स्फटिकातली शिस्त मोडून केलेली ही काच आहे. द्रव्य गारगोटीचे, मांडणी विस्कटलेली. स्फटिकच का वापरला नाही? एक तर एवढा निर्दोष स्फटिक वाढवणे कठीण. दुसरे, स्फटिकातून वेगवेगळ्या दिशांनी जाणारा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो. तिसरे, तो तापला की या काचेच्या दहा-वीसपट प्रसरण पावतो. या काचेचे प्रसरण अंशाला दहा लाखांत अर्ध्या भागाएवढे आहे. लालबुंद तापवून थंड पाण्यात बुडवली तरी ती तडकत नाही.

चाळीस किलो सिलिकेत किती अणू? ग्रॅम-रेणूचे गणित दहावीतले आहे: सिलिकेचा रेणुभार ६०, म्हणजे ४० किलोत ६६६ मोल, प्रत्येक एककात तीन अणू. उत्तर येते १२ वर २६ शून्ये. याच वजनाची काच तंतूत ओढली तर इंटरनेटचा ऑप्टिकल फायबर किती होईल तेही काढता येते. फायबरचा व्यास ०.१२५ मिलिमीटर, किलोमीटरला काच लागते अवघी २७ ग्रॅम. एका आरशातून निघेल सुमारे १,४८० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून दिल्ली. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूजला स्टरलाइटच्या कारखान्यांत हेच काम रोज चालते: सिलिकॉनच्या क्लोराइडची वाफ जाळून अतिशुद्ध सिलिकेचा दांडा करायचा आणि तो तापवून केसासारखा ओढायचा. चांगल्या फायबरमध्ये प्रकाश पंधरा किलोमीटर काचेतून गेल्यावर निम्मा होतो. खिडकीच्या काचेच्या कडेकडून पाहा. काही इंचांतच ती हिरवी दिसते.

आरशाच्या तोंडावर सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे आलटून-पालटून पातळ थर दिलेले असतात. त्यावर पडलेल्या सुमारे तीस लाख प्रकाशकणांतला एकच शोषला जातो, बाकी सगळे परत. प्रकाश भुजेत सुमारे ३०० फेऱ्या मारतो, त्यामुळे चार किलोमीटरची भुजा १,२०० किलोमीटरची होते, आणि साठत साठत प्रकाशाची शक्ती पूर्ण क्षमतेला साडेसात लाख वॅटपर्यंत जाते. तीस लाखांत एक या हिशेबाने आरशाला मिळणारी उष्णता येते पाव वॅट. हा पाव वॅटही सहन होत नाही! तेवढ्याने काचेचा मधला भाग किंचित फुगतो आणि आरशाचा बाक बदलतो. म्हणून कडेने वेगळी उष्णता देऊन तो बाक पुन्हा जागेवर आणावा लागतो.

हा चाळीस किलोंचा गोळा टांगलेला असतो चार धाग्यांवर. धागेही सिलिकेचेच. जाडी ०.४ मिलिमीटर, लांबी ६० सेंटिमीटर. तीन मिलिमीटरची काचकांडी कार्बन डायऑक्साइड लेसरने तापवून, झटक्यात ओढून ते बनवतात. ही कला स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठात घडली. चार धाग्यांच्या बारीक भागाचे एकूण वजन पाऊण ग्रॅमही भरत नाही, म्हणजे ते स्वतःच्या साठ हजारपट ओझे पेलतात. प्रत्येकावर दहा किलो. चौरस मिलिमीटरमागे हिशेब केला तर ८० किलो. घराच्या स्लॅबला आपण जी ५०० ग्रेडची टीएमटी सळई वापरतो ती चौरस मिलिमीटरला ५० किलोच्या आसपास कायमची ताणली जाऊ लागते. काच ठिसूळ, हे आपण धरून चाललेले असतो. ती ठिसूळ असते पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांमुळे. ओरखडा नसेल तर ती सळईला मागे टाकते. म्हणून या धाग्याला कशाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. बोट लागले की धागा बाद.

पोलादी तार का नाही? सुरुवातीच्या लायगोत तारच होती. अडचण उष्णतेची. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वस्तूतले अणू सतत थरथरत असतात. हा गोंगाट बंद करता येत नाही. पण द्रव्यात घर्षण नसेल तर तो एकाच सुरात कोंडता येतो, आणि त्या सुराच्या दोन्ही बाजूंना शांतता मिळते. सिलिकेचा धागा छेडला तर तो सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या सुरात वाजतो आणि आठवडा लोटला तरी ती गुणगुण पुरती विरत नाही. संगणकातून तेवढा एक सूर गाळायचा, बाकी पट्टा मोकळा. घड्याळाला जो गुण हवा होता तोच इथे हवा आहे. घड्याळ त्या सुराकडे कान लावते, लायगो त्याच्या आजूबाजूच्या शांततेकडे.

इतका सगळा खटाटोप कशासाठी, तर १० च्या उणे १९ व्या घाताएवढे मीटर मोजण्यासाठी. दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये आणि मग एक. प्रोटॉनच्या व्यासाचा दहा हजारावा भाग. असल्या आकड्यांनी डोके बधिर होते, म्हणून माप मोठे करून पाहू. आरशातला एक अणू काश्मीर ते कन्याकुमारी एवढा, ३,२०० किलोमीटरचा, फुगवला तर यंत्राने पकडायचा फरक येतो एका ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि गंमत पुढेच आहे. तो अणू स्वतः उष्णतेने थरथरतोय, त्याच मापाने तीनशे किलोमीटर मागे-पुढे. अख्खा देश तीनशे किलोमीटर हेलकावे खातोय आणि त्याची सीमा दाणाभर सरकली का, हे सांगायचे आहे. जमते कसे? लेसरचा ठिपका काही सेंटिमीटर रुंद असतो, त्याखाली आरशाच्या पृष्ठभागावरचे एकावर सतरा शून्ये इतके अणू येतात, आणि त्या सगळ्यांच्या हलण्याची सरासरी निघते. एकेकाचा धिंगाणा त्यात बुडून जातो.

नळ्या सरळ हव्यात, जमीन गोल आहे. चार किलोमीटरवर पृथ्वीची वक्रता सव्वा मीटर भरते. आतली हवा काढून दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या भागावर आणायचा. दोन्ही नळ्या मिळून पोकळी जवळपास एक कोटी लिटरची. आणि जमीन कधीच स्वस्थ नसते. समुद्राच्या लाटांमुळे, वाऱ्यामुळे, ट्रकमुळे ती मायक्रोमीटरभर हलतच असते. म्हणजे मोजायच्या फरकाच्या दहा लाख कोटीपट. त्यावर उपाय लंबकाचा. सेकंदाला एक हेलकावा घेणारा लंबक, सेकंदाला दहा वेळा येणाऱ्या हादऱ्याचा शंभरावा भागच खाली पोचवतो. असे चार लंबक एकाखाली एक टांगले तर कागदावर दहा कोटीवा भाग उरतो. त्यावर हादऱ्याच्या उलट ढकलणारी यंत्रणा आणखी.

हिंगोलीत भूकंप होतात, मग इथेच का, हा प्रश्न जिल्ह्यात विचारला जातो आणि तो रास्त आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेला जमिनीखालचे आवाज वर्षानुवर्षे ऐकू येतात. असा धक्का बसला की यंत्राचा ताळमेळ सुटेल, काही वेळ मोजणी थांबेल, पुन्हा सुरू होईल. अमेरिकेतली यंत्रेही दूरच्या मोठ्या भूकंपांनी अशी थांबतात. जागेची निवड रोजच्या कुजबुजीवर होते: रेल्वे, कारखाने, अवजड वाहतूक यांचा त्रास किती कमी, यावर.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली गेली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली आणि ६२ पटीचे एक झाले. उरलेले तीन सूर्य सेकंदाच्या पाचव्या हिश्शात लहर होऊन निघून गेले. त्या क्षणी त्या लहरीची शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाहून अधिक होती. ती १३० कोटी वर्षे प्रवास करून इथवर आली. दख्खनचा लाव्हा सांडत होता तेव्हा तिचा ९५ टक्के प्रवास उरकलेला होता. इतके करून तिने चार किलोमीटरची भुजा हलवली ती ज्वारीच्या मापाने वीतभरही नाही. अशा मिलनांची संख्या आता दोनशेच्या पुढे गेली आहे. गोंगाटातून असा क्षीण सूर ओळखण्याच्या गणिती पद्धतीत आयुकाच्या संजीव धुरंधर यांचे काम पायाभूत मानले जाते, आणि ते लहर सापडण्याच्या दोन दशके आधीचे आहे.

औंढ्याची खरी गरज दिशा सांगण्यासाठी आहे. पहिली लहर दोनच यंत्रांनी ऐकली, दोघांच्या वेळेत फरक सात हजारांश सेकंदाचा. त्यावरून ती आकाशात कुठून आली हे सांगायचे तर सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा मिळाला, म्हणजे तीन हजार पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढा. इतक्या मोठ्या पट्ट्यात दुर्बीण रोखायची कुठे? अमेरिकेपासून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला एक यंत्र असले की हा पट्टा पाच ते दहापट आक्रसतो, असा अंदाज आहे.

यंत्र २०३० च्या सुमारास सुरू करण्याचे ठरले आहे. तारखा पुढे जातात हा अनुभव आहे. २०१६ ची मान्यता आणि २०२३ ची मंजुरी यांत सात वर्षे गेलीच. पण चार किलोमीटर पोकळी सांभाळायला, पंप, लेसर, वीज, संगणक बघायला शास्त्रज्ञांच्या जोडीला आयटीआय आणि पदविका झालेली माणसे लागणार आहेत, आणि ती आज हिंगोली, औंढा, वसमत, कळमनुरीच्या शाळांत बसलेली आहेत. तिथल्या विज्ञान शिक्षकांना एवढेच सांगणे: दोन पांढऱ्या गारगोट्या आणि एक जुने भिंतीवरचे घड्याळ वर्गात न्या. खोली पूर्ण अंधारी करून गारगोट्या एकमेकींवर घासा, आत उजेड दिसतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा. नंतर घड्याळ उघडून चंदेरी नळी दाखवा आणि ज्वारीच्या दाण्याचे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. दुधाळ्यात भरती निघेल तेव्हा पहिले अर्ज पुण्या-मुंबईचे नकोत.